खोटे म्युऑन कशाला लागतात?

नोव्हेंबर २०१७ मध्ये बातमी आली, की इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्या पोटात निदान ३० मीटर लांबीची एक पोकळी आहे. हे कळायला एकही दगड हलवावा लागला नव्हता. आकाशातून सतत येत असलेले म्युऑन नावाचे कण पिरॅमिडच्या आत आणि बाहेर मोजून हा निष्कर्ष काढला होता. काही ठिकाणी 'पिरॅमिडचा एक्स-रे' असं छापून आलं. वाचायला ते बरं वाटतं, पण त्यात मधली एक मोठी पायरी गाळली गेली.

उपकरणांच्या हाती शेवटी फक्त आकडे लागतात. या दिशेने इतके म्युऑन आले, त्या दिशेने तितके आले, बस्स. आता 'इतके' म्हणजे जास्त की कमी? ते ठरवायला ताडून बघण्यासाठी दुसरं काहीतरी हवं. पोकळी नसलेला पण बाकी हुबेहूब असा दुसरा खुफूचा पिरॅमिड जगात नाही. म्हणून तो कम्प्युटरमध्ये बांधला गेला, त्याच्यावर कोट्यवधी खोटे म्युऑन सोडले गेले आणि खऱ्या मोजणीशी ताळा करून पाहिला. या खोट्या म्युऑनशिवाय खऱ्या म्युऑनच्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही. या प्रकाराला सिम्युलेशन म्हणतात. तो नेमका चालतो कसा आणि त्यावर विश्वास ठेवावा का, ते बघू.

## आधी खरे म्युऑन

अवकाशातून पृथ्वीवर अतिवेगवान कणांचा मारा अखंड सुरू असतो. त्यांना कॉस्मिक किरण म्हणतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून उंच जाऊन त्यांचा छडा लावला. 'किरण' म्हणत असले तरी यातले बहुतेक साधे प्रोटॉन असतात. ते वातावरणाच्या वरच्या थरांत हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण फुटतात आणि त्या पायॉनमधून म्युऑन जन्माला येतात. हे सगळं जमिनीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर घडतं.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ. विद्युतभार तेवढाच, वजन मात्र २०७ पट. कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमेयर यांना तो १९३६ मध्ये सापडला. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्या वेळात तो ६६० मीटर जाईल. मग १५ किलोमीटर खाली येतो कसा? आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादामुळे. इतक्या वेगात म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने फार सावकाश चालतं. जमिनीवर पोचणाऱ्या म्युऑनची ऊर्जा सरासरी ४ जीईव्ही असते. तेवढ्या ऊर्जेच्या म्युऑनचं आयुष्य आपल्याला अडतीसेक पट लांबलेलं दिसतं आणि त्याची धाव २५ किलोमीटरच्या आसपास जाते. (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक एमईव्ही आणि हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही. ही दोन नावं पुढे लागतील.)

समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. तुमच्या उघड्या तळहातातून सेकंदाला एखाद-दोन जात असतील. यात घाबरण्यासारखं काही नाही, माणूस नावाचा प्राणी जन्मला तेव्हापासून हे चालूच आहे.

## डिटेक्टरला काय कळतं?

म्युऑन टिपणारी उपकरणं अनेक प्रकारची आहेत, पण समजायला सर्वांत सोपं म्हणजे सिंटिलेटर. सिंटिलेटर हे खास प्लास्टिक असतं. विद्युतभारित कण त्यातून गेला की ते निळसर झळकतं. ही झळक इतकी मंद आणि क्षणिक असते की डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. त्यामुळे या प्लास्टिकची पाटी काळ्या वेष्टनात गुंडाळून तिच्या कडेला प्रकाशाचा अतिसंवेदनशील सेन्सर बसवतात. झळक झाली की सेन्सर विजेचा एक ठोका देतो. तेवढीच त्याची भाषा.

पंचाईत अशी, की सेन्सर काहीही आलं नसतानाही ठोके देत राहतो. कारण त्याच्या आतली उष्णता. म्हणून दोन पाट्या एकाखाली एक ठेवतात आणि दोन्हींकडून एकाच वेळी ठोका आला तरच 'म्युऑन गेला' असं धरतात. याला कॉइन्सिडन्स म्हणतात.

इथे थोडं आकड्यांत शिरायला हवं, कारण सिम्युलेशनची गरज इथूनच सुरू होते. समजा पाट्या १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरच्या आहेत. एका पाटीतून मिनिटाला शंभरेक म्युऑन जातील. पण दुसरी पाटी तिच्या ५० सेंटिमीटर खाली ठेवली, तर पहिलीतून गेलेले बहुतेक म्युऑन तिरपे निघून जातात आणि दोन्हींतून जाणारे मिनिटाला जेमतेम दोन उरतात. आता सेन्सरचे खोटे ठोके घ्या. प्रत्येक सेन्सर सेकंदाला हजार खोटे ठोके देत असेल आणि 'एकाच वेळी' म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या आत असं आपण धरलं, तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या मिनिटाला १२ होतात. खरे दोन, खोटे बारा! असं उपकरण म्युऑन मोजतं म्हणणं म्हणजे शुद्ध धूळफेक. मध्ये तिसरी पाटी घातली आणि तिन्हींनी एकत्र ठोका दिला पाहिजे अशी अट ठेवली, की योगायोगाची तिकडी दिवसभरात दोन-तीनदाच जमते.

एवढं कागदावर निघतं. पण पाट्या चौकोनी नसतील, वर काँक्रीटचं छत असेल, बाजूला शिशाच्या विटा असतील, सेन्सर कोपऱ्यात असेल, तर कागद आणि पेन्सिल लगेच हात टेकतात.

## सापशिडीचा पट

सापशिडीचा एक डाव किती चालींत संपेल हे कुणालाच सांगता येणार नाही, सगळं फाशावर. पण त्याच पटावर दहा हजार डाव खेळून नोंद ठेवली, तर सरासरी डाव किती चालींचा आणि नव्व्याण्णवाच्या आसपासचा साप शंभरातल्या किती जणांना गिळतो हे अगदी भरवशाने सांगता येतं. पटावरचा एक साप पुसून पुन्हा दहा हजार डाव खेळा, त्या एका सापाने किती फरक पडत होता तेही कळेल. गणित न सोडवता, निव्वळ खेळून.

म्युऑनच्या सिम्युलेशनमध्ये एक म्युऑन म्हणजे एक डाव. हवा, छत, शिसं, प्लास्टिक हा पट. म्युऑनचं मध्येच विघटन होणं, त्याने एखादा इलेक्ट्रॉन उडवणं, त्याची वाट किंचित वाकणं ही सापशिडीची घरं. फासा मात्र साधा सहा बाजूंचा नाही. कोणत्या घटनेची शक्यता किती हे भौतिकशास्त्राने मोजून ठरवलेलं असतं आणि फाशाच्या बाजू त्या प्रमाणात असतात. कम्प्युटर तो फासा सेकंदाला लाखो वेळा टाकतो.

या पद्धतीला जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराचं नाव मिळालंय, मॉन्टे कार्लो. गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसायचे. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढता येईना, तेव्हा त्यांना वाटलं की शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजलेलं काय वाईट? जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९४८ मध्ये एनिॲक या अवाढव्य कम्प्युटरवर ती अणुबाँबमधल्या न्यूट्रॉनसाठी वापरली गेली. कणांच्या वाटा हा या पद्धतीचा मूळ धंदाच आहे, म्हणायला हरकत नाही.

## एका खोट्या म्युऑनचा प्रवास

आता एक म्युऑन जन्मापासून शेवटपर्यंत बघू. पहिला फासा दिशेसाठी. डोक्यावरून सरळ खाली येणारे म्युऑन सर्वांत दाट असतात, क्षितिजाकडे जाल तसे विरळ होतात; कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात, असं मोजणीतून दिसलंय. नवखे लोक हेच सूत्र थेट फाशाला लावतात आणि तिथेच फसतात. कारण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, तिरप्या म्युऑनला आडवी पाटी लहान दिसते. दोन, बरोब्बर डोक्यावरची दिशा एकच असते, पण ३० अंश कललेल्या दिशा सभोवार कितीतरी असतात. दोन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या की कळतं, आडव्या पाटीतून जाणारे सर्वाधिक म्युऑन सरळ नव्हे, तर ३० अंशांच्या आसपास कललेले असतात. पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, पण गणित अगदी सरळ आहे. तर आपला म्युऑन ३० अंश कललेला घेऊ.

दुसरा फासा ऊर्जेसाठी. समजा ४ जीईव्ही आली. मग कम्प्युटर त्याला छताच्या वर ठेवतो आणि पुढे ढकलतो, पण एकदम नाही, छोट्या छोट्या पावलांनी. प्रत्येक पावलाला घडू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा फासा पडतो: तुझं विघटन किती अंतरावर होईल, जोरदार इलेक्ट्रॉन किती अंतरावर उडेल, वगैरे. ज्याचं अंतर सर्वांत कमी येतं, ते घडतं. त्याआधीच एका पदार्थाची हद्द संपून दुसरा लागला, तर म्युऑन हद्दीवर थांबतो आणि नव्या पदार्थाच्या नियमांनी फासे पुन्हा पडतात.

अखेर तो एक सेंटिमीटर जाडीच्या पाटीत शिरतो. तिरपा असल्यामुळे त्याची वाट सव्वा सेंटिमीटरच्या जरा अलीकडे भरते आणि तेवढ्यात तो साधारण २.३ एमईव्ही ऊर्जा मागे सोडतो. त्याच्याकडे होती ४,००० एमईव्ही. त्याला काही जाणवतसुद्धा नाही. मात्र दरवेळी २.३ च येईल असं नाही. अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन जोरात उडतो आणि ऊर्जा दुप्पट-तिप्पट निघते. त्यामुळे अशा हजारो म्युऑनचा आलेख काढला तर एक टेकडी आणि तिच्या उजवीकडे लांबलेली शेपटी दिसते. लेव लँडाऊ यांनी १९४४ मध्ये या आकाराचं गणित मांडलं. प्रयोगशाळेत नवा डिटेक्टर सुरू केला की लोक सगळ्यात आधी ही टेकडी आणि शेपटी दिसते का ते बघतात. दिसली, तर समोर खरोखर म्युऑन आहेत.

एक एमईव्हीमागे प्लास्टिकमध्ये सुमारे १०,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण निघतात. आपल्या म्युऑनने तेवीसेक हजार फोटॉन उधळले. आता या प्रत्येकाचा डाव वेगळा! तो प्लास्टिकच्या पृष्ठभागावर सुमारे ३९ अंशांहून जास्त तिरपा आदळला तर पूर्ण आत परततो, नाहीतर बाहेर पडून वेष्टनावर आपटतो. वेष्टन त्याला परतवेल की गिळेल, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलाय की खरखरीत आहे, सेन्सर आणि प्लास्टिकच्या मध्ये हवेची फट राहिलीय का, सगळ्यासाठी फासे. सेन्सर असतो काही मिलिमीटरचा. त्याच्यापर्यंत शंभरातले एखाद-दोनच पोचतात, त्यातले निम्म्याहून कमी टिपले जातात. तेवीस हजारांतून हाती येतात शंभर-दोनशे.

प्रत्यक्षात मोजतात तो ठोका या शंभर-दोनशे फोटॉनचा. तो नेमून दिलेल्या मर्यादेच्या वर गेला तरच नोंद होते. ही मर्यादा कुठे ठेवायची हा डिटेक्टर बांधणाऱ्याच्या डोक्याला सर्वांत जास्त ताप. खाली ठेवली तर कचरा मोजला जातो आणि वर ठेवली तर पाटीच्या दूरच्या कोपऱ्यातून गेलेले खरे म्युऑन निसटतात. सिम्युलेशनमध्ये तुम्ही मर्यादा हवी तशी सरकवून बघू शकता.

गंमत म्हणजे म्युऑनला पाटीतून नेणं कम्प्युटरला चुटकीसरशी जमतं. वेळ खातात ते फोटॉन. म्हणून अनुभवी मंडळी एकदाच भरपूर फोटॉन सोडून 'पाटीच्या या जागेवरून निघालेला प्रकाश सेन्सरपर्यंत पोचण्याची शक्यता इतकी' असा नकाशा बनवून ठेवतात आणि पुढे नुसता नकाशा वाचतात. शॉर्टकट आहे, पण प्रामाणिक.

## हे सगळं कुणी लिहितं का?

नाही, फासे टाकणारं तयार सॉफ्टवेअर मिळतं. सर्वांत नावाजलेलं म्हणजे जिआंट४. जीनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये या घराण्याची सुरुवात झाली आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली चौथी पिढी बाहेर आली. ते फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतो आणि कॅन्सरवरच्या प्रोटॉन उपचारांपासून उपग्रहांवर होणाऱ्या किरणोत्साराच्या माऱ्यापर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं. वापरणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: पट कसा आहे (कुठे कोणता पदार्थ, किती जाड), कण कोणते सोडायचे आणि भौतिकशास्त्राचे कोणते नियम लावायचे.

वातावरणातल्या घडामोडींसाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे. कॉर्सिका हे त्यातलं प्रसिद्ध नाव, जर्मनीतल्या कार्ल्सरूहं इथल्या कॅस्केड प्रयोगासाठी जन्मलेलं. वर एक प्रोटॉन आदळला की खाली कणांची सर कशी कोसळते ते कॉर्सिका सांगतं आणि ते कण डिटेक्टरमध्ये शिरल्यावर काय होतं ते जिआंट४.

## फाशाच्या भरवशावर विज्ञान?

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर असं, की एका डावाचा निकाल बेभरवशाचा असतो, ढिगाचा नसतो. शंभर म्युऑन मोजले तर आकड्यात दहा टक्क्यांची डळमळ राहते. दहा हजार मोजले तर एक टक्क्याची आणि दहा लाख मोजले तर एक दशांश टक्क्याची. डळमळ निम्मी करायची तर डाव चौपट खेळावे लागतात, ही किंमत टळत नाही. पण ती किती आहे हे आधीच माहीत असतं, हा मोठा आधार.

शिवाय कम्प्युटरचा फासा पूर्ण बेबंद नसतो. त्याला सुरुवातीला एक आकडा दिला जातो आणि त्यापासून पुढची सगळी माळ तयार होते. तोच आकडा पुन्हा दिला, की तेच डाव जसेच्या तसे पुन्हा. एखादा म्युऑन काही विचित्र वागला तर त्यालाच परत बोलावून पावलापावलाने तपासता येतं. खरा म्युऑन एकदा गेला की गेला.

## जे घातलं तेच बाहेर येणार ना?

हा प्रश्न जास्त खोल आहे आणि मला विचाराल तर सिम्युलेशनवाल्यांना तो रोज विचारला पाहिजे. चुकीच्या पटावर कोटी डाव खेळलात तरी उत्तर चुकीचंच येणार, फक्त अधिक बारकाईने चुकीचं. पटावर छत घालायचं विसरलात तर छतात अडकणारे मंद कण तुमच्या खोट्या डिटेक्टरमध्ये सुखाने पोचतील. वेष्टन खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत धरलंत तर तुमची पाटी कागदावर उत्तम चालेल आणि टेबलावर रडेल. दोन वस्तू चुकून एकमेकींत घुसलेल्या असतील, तर म्युऑन नेमका कशात आहे हे सॉफ्टवेअरलाच कळत नाही आणि तरीही आकडे मात्र येत राहतात. शेवटचा प्रकार सगळ्यात घातक, म्हणून अशी घुसखोरी शोधणारी तपासणी जिआंट४ मध्येच दिलेली आहे.

पण 'घातलं तेच बाहेर' हे अर्धसत्य आहे. आपण घालतो ते एकेका पावलाचे नियम, आणि ते प्रवेगकांवर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर, माहितीतल्या ऊर्जेचे कण सोडून वेगळे तपासलेले असतात. बाहेर येतो तो लाखो पावलांचा एकत्र परिणाम. पटावरचे साप कुठे आहेत ते ठाऊक असलं म्हणून सरासरी डाव किती चालींचा हे कुणाला पाठ नसतं.

पिरॅमिडच्या कामात या विश्वासाची परीक्षा झाली. म्युऑनला खडकातून जाताना दर मीटरला साधारण अर्धा जीईव्ही खर्चावा लागतो. शंभर मीटर दगड पार करायला पन्नासहून जास्त जीईव्ही हवेत आणि असे म्युऑन फार थोडे. वाटेत पोकळी असली तर तेवढ्या मीटरांची सूट मिळते आणि त्या दिशेने थोडे जास्त म्युऑन पोचतात. ही वाढ इतकी बारीक असते की महिनोन्‌महिने मोजावं लागतं. २०१७ च्या कामात जपानमधल्या नागोया विद्यापीठाने फोटोग्राफीसारख्या इमल्शन पट्ट्या, केईके प्रयोगशाळेने सिंटिलेटर आणि फ्रान्सच्या सीईए संस्थेने वायूने भरलेले डिटेक्टर वापरले. तीन वेगळ्या जातींची उपकरणं, आणि तिन्हींना एकाच जागी वाढ दिसली. त्याच मोहिमेत उत्तरेकडच्या प्रवेशद्वारामागे एक छोटा बोळ असावा असंही दिसलं होतं. २०२३ मध्ये दगडांच्या फटीतून बारीक कॅमेरा आत सरकवला, तर सुमारे ९ मीटर लांबीचा बोळ खरोखर समोर होता. आकड्यांनी सांगितलेली जागा डोळ्यांनी दिसली.

'काही नाही' हे उत्तरही सिम्युलेशनमुळेच देता येतं. लुइस अल्वारेझ यांच्या गटाने खाफ्रेच्या पिरॅमिडच्या १९ टक्के भागाची अशीच तपासणी करून १९७० मध्ये जाहीर केलं, की तिथे मोठी खोली नाही. 'सापडली नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. 'असती तर इतके जादा म्युऑन दिसले असते' हे ज्याला आधी सांगता येतं, त्यालाच दुसरं वाक्य म्हणता येतं.

## मग सरळ उपकरणच बांधा की!

बांधतातच. पण खऱ्या उपकरणात एक उणीव असते: खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. नोंदवलेला म्युऑन नक्की कुठून आला, किती निसटले, हे उपकरण सांगत नाही. सिम्युलेशनमध्ये म्युऑन आपणच सोडलेला असल्याने तो कुठून गेला ते माहीत असतं. आपल्या विश्लेषणाने भलतीच वाट काढली तर चोरी लगेच पकडली जाते. 'आमचा डिटेक्टर शंभरातले ९५ टिपतो' यासारख्या विधानामागे बहुतेक वेळा असा हिशेब असतो.

कधीकधी तर सिम्युलेशन उलटं चालवूनच उत्तर मिळतं. उटीजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. तिथला म्युऑन टेलिस्कोप ५६० चौरस मीटरचा, ३,७१२ लांबलचक लोखंडी नळ्यांचा. या नळ्या पूर्वी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली प्रोटॉनच्या विघटनाची वाट बघत होत्या. १ डिसेंबर २०१४ रोजी डोक्यावरून एक वादळी ढग गेला आणि सुमारे १८ मिनिटं म्युऑनची संख्या दोन टक्क्यांच्या आसपास घटली. म्युऑन धन आणि ऋण अशा दोन्ही भारांचे असतात. ढगातल्या विजेच्या दाबाने धन म्युऑनची ऊर्जा घटवली आणि ऋण म्युऑनची वाढवली. धन म्युऑन मुळात जास्त असल्याने एकूण आकडा खाली आला. पण किती दाब? संशोधकांनी कॉर्सिकामधल्या खोट्या आकाशात विजेचा दाब वाढवत नेला, खरी घट जुळेपर्यंत. उत्तर आलं १.३ अब्ज व्होल्ट. तोवर बलून सोडून ढगात मोजलेला सर्वांत मोठा आकडा याच्या दहाव्या हिश्श्याएवढा होता. ढगांत अब्ज व्होल्टचा दाब असू शकतो, असं सी. टी. आर. विल्सन १९२० च्या दशकातच म्हणाले होते. २०१९ मध्ये हा निकाल छापून आला, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला पहिल्यांदा असा आकडा मिळाला.

## एआय आल्यावर हे बंद पडेल?

उलट. एआयला शिकवायला लागणारी 'हा म्युऑन, हा कचरा' अशी लाखो उत्तरांसकट उदाहरणं सिम्युलेशनमधूनच येतात. फोटॉनच्या नकाशासारखे शॉर्टकट एआय जास्त सफाईने मारतं, एवढं खरं. पण एआयने शिकलेलं खरं आहे का हे तपासायला पुन्हा पूर्ण लांबीचे डाव खेळावेच लागतात.

## आकडे जुळलेच नाहीत तर?

अर्जेंटिनात पियेर ओझे वेधशाळा आहे. ३,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या १,६०० हून अधिक पाण्याच्या टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी. अतिप्रचंड ऊर्जेचा कॉस्मिक कण वातावरणात आदळला की खाली कोसळणारी कणांची सर या टाक्या टिपतात. २०१६ मध्ये या गटाने जाहीर केलं, की म्युऑनशी निगडित संकेत सिम्युलेशनच्या अंदाजाहून जास्त निघतोय; टकरींच्या नियमांच्या एका मॉडेलच्या तुलनेत सुमारे ३३ टक्के, दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे ६१ टक्के. डाव पुरेसे खेळले होते, टाक्यांचा पट चोख होता. म्हणजे संशय उरतो तो नियमांवर. इतक्या ऊर्जेला हवेतल्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आदळतो तेव्हा नक्की काय फुटतं, याबद्दलची आपली समजूत कुठेतरी तोकडी आहे. या कोड्याला 'म्युऑन पझल' असंच नाव पडलंय.

सिम्युलेशन नसतं, तर हे कोडं पडलंच नसतं. आलेल्या म्युऑनची संख्या 'इतकी' म्हणून नोंदली गेली असती आणि वहीत पडून राहिली असती.

आता दोन्ही टोकांनी काम चाललंय. अर्जेंटिनात टाक्यांवर सिंटिलेटरच्या पाट्या चढवल्या गेल्या आहेत. टाकी आणि पाटी यांना म्युऑन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या प्रमाणात जाणवतात, त्यामुळे दोघांच्या ठोक्यांतून म्युऑन वेगळे काढता येतात. दुसऱ्या टोकाला, २०२५ च्या जुलैमध्ये सर्नच्या महाकाय प्रवेगकात पहिल्यांदाच प्रोटॉन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडवल्या गेल्या, म्हणजे वातावरणाच्या माथ्यावर जे घडतं जवळपास तेच, पण चारी बाजूंनी डिटेक्टर लावून. त्या टकरींतून मिळणारी मापं मॉडेलमध्ये गेली, की ओझेच्या सरी पुन्हा एकदा कम्प्युटरवर पाडून बघता येतील.